टेकडीवरची हळू माणसं

पत्राचा गोषवारा (नाव, सोसायटी आणि टेकडी कोणती हे मुद्दाम गाळलं आहे):

पत्र लिहिणाऱ्या बाई अडतिशीच्या आहेत, कोथरूडच्या बाजूला राहतात. पाच वर्षांपूर्वी सोसायटीतल्या चार-पाच जणींनी दर रविवारी सकाळी जवळच्या टेकडीवर झाडांना पाणी घालायला सुरुवात केली. आता चाळीसेक माणसं येतात. पायथ्याच्या टाकीवर पाच लिटरचे कॅन भरायचे, वर न्यायचे आणि आळ्यात ओतायचे, असं काम. येणाऱ्यांत चौथी-पाचवीतली मुलं आहेत, हिंजवडीत नोकरी करणारे तरुण आहेत, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास भरायला येणारी कॉलेजची पोरं आहेत. शिवाय गुडघे कुरकुरणारे 79 वर्षांचे एक काका, बँकेत नोकरी करणाऱ्या एक दृष्टिहीन ताई आणि आईबरोबर येणारा 26 वर्षांचा एक तरुण, ज्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे.

तक्रार अशी की गटाचा वेग मंदावतो. काका अर्धा कॅन घेऊन चढतात आणि दर वळणावर थांबतात. पायवाट अरुंद, त्यामुळे मागची रांगही थांबते. ताईंना सोबत लागते. तो तरुण एकाच झाडाला तीन-तीन कॅन घालतो आणि थांबवलं की चिडतो. दोन महिन्यांपूर्वी काका घसरले, कोपर खरचटलं, आणि त्यांच्या मुलीने अमेरिकेहून फोन करून बाईंना सुनावलं. तरुण मंडळींनी आता 'कोअर टीम' असा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आहे. त्यांचं म्हणणं, ज्येष्ठ आणि 'स्पेशल' लोकांसाठी शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत वेगळा कार्यक्रम ठेवावा आणि रविवारची टेकडी काम करणाऱ्यांसाठी राहू द्यावी. गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ एक तृतीयांश रोपं गेली, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बाई विचारतात, "त्यांना सेवेची संधी मिळावी असं मलाही वाटतं. पण झाडं जगायला नकोत का? कोणाचं मन न दुखावता ही विभागणी कशी सांगू?"

*

आधी तुमच्या तरुण मंडळींची बाजू घेते. पत्रात तुम्ही त्यांच्यावर थोड्या रागावलेल्या दिसता आणि मला तो राग पुरता पटलेला नाही. आठवडाभर हिंजवडीचं ट्रॅफिक झेलून रविवारी पहाटे साडेपाचचा गजर लावणारा माणूस दुष्ट नसतो. हातात दोन कॅन, पुढे काकांना धाप लागलेली, ओलांडायला जागा नाही आणि ओलांडलं तर उद्धट ठरायचं. वैताग येणारच. झाडं जगायला हवीत हेही खरंच आहे. एप्रिलच्या उन्हात सलग दोन-तीन आठवडे पाणी चुकलं की कोवळं रोप मान टाकतं, तिथे कोणाचा हेतू चांगला होता हे बघायला कोणी येत नाही. त्यामुळे "सगळ्यांना घेऊन चला, वेगाचं काय एवढं" असं उत्तर मी देणार नाही. ते देणं सोपं असतं, कारण देणाऱ्याला कॅन उचलायचा नसतो.

मात्र रोपं का गेली याचा हिशेब तुम्ही घाईत मांडला आहे.

तुमचंच पत्र पुन्हा वाचा. एका ठिकाणी तुम्ही सहज लिहून जाता की मे महिन्यात लोक गावाला जातात, ट्रेकला जातात, हजेरी निम्म्यावर येते. आणखी खाली लिहिता की मार्चमध्ये बाजूच्या उतारावर गवताला आग लागली आणि तिकडची बरीच रोपं होरपळली. आणि काकांबद्दल तक्रार करताना हेही लिहिता की ते एकही रविवार चुकवत नाहीत. या तीन ओळी शेजारी ठेवल्या तर दिसतं ते असं: रोपं गेली आगीत आणि मेमधल्या गैरहजेरीत. आग काकांनी लावली नाही. मे महिन्यात गावाला गेलेल्यांत काका नव्हते. तो तरुण आणि त्याची आईही नसावी, कारण ती दोघं 'अगदी नेमाने' येतात असं तुम्हीच म्हणता. मग हळू माणसांना वगळल्याने पुढच्या मेमध्ये टेकडीवर माणसं वाढतील की घटतील?

हा माझा अंदाज आहे, चुकीचा ठरू शकतो. तो तपासायचा सोपा मार्ग म्हणजे झाडांची वही. माणसांची हजेरी तुम्ही ठेवता, झाडांची नोंद ठेवत नाही. प्रत्येक रोपाला एक नंबर, शेजारी जात, लावल्याची तारीख आणि मेलं असेल तर कधी व कशाने मेलं असावं ते: पाणी, वाळवी, गुरं, वणवा. एवढं असतं तर हा वाद कोणाच्या गुडघ्यांपर्यंत गेलाच नसता. 'कोअर टीम'च्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा ही वही सुरू करण्याचा विषय घेऊन जा. इंजिनिअर मंडळी आहेत, आकडे समोर आले की बोलणं पटकन ताळ्यावर येतं.

आता मूळ अडचणीकडे येते. तुमच्या पत्रात काका, ताई आणि तो तरुण यांना कोणकोणती मदत लागते याची यादी आहे. ते तिघं नेमकं काय करतात, किंवा काय करू शकले असते, याबद्दल एकही वाक्य नाही. यात तुमचा खोटेपणा नाही. तुमच्या गटात कामच एक आहे: पाणी भरलेला कॅन चढावर नेणं. काम एकच असलं की माणसं आपोआप ताकदीच्या क्रमाने लागतात. पुढे दोन कॅनवाले, मग एक कॅनवाले, मग अर्धा कॅनवाले, आणि शेवटी ज्यांच्यासाठी दुसऱ्याला आपला कॅन खाली ठेवावा लागतो ते.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा एखादी दिंडी जवळून बघा. कोणाच्या गळ्यात वीणा, कोणाच्या हातात टाळ, कोणाच्या खांद्यावर पताका, एखाद्या आजींच्या डोक्यावर तुळस. पुण्याहून माऊलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते तो टप्पा दमवणारा; घाटासाठी रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्या दिवशी ज्यांना चालवत नाही ते दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातात, मुक्कामावर राहुट्या लावायला हात देतात, भाजी चिरतात, पिठलं ढवळतात. त्यांची वारी अर्धी झाली असं कोणी म्हणत नाही. आणि मागून येणाऱ्यांना तयार पंगत मिळते. चालणं सोडून तिथे इतकं काम असतं की प्रत्येकाला कुठेतरी हात घालावाच लागतो.

टेकडीवरच्या झाडाचंही तसंच आहे. पाणी घालणं हे त्याच्या वर्षातलं एक काम. बाकीची किती आहेत बघा.

उन्हाळ्यात बिया गोळा करायच्या. बहाव्याच्या काळ्या लांबट शेंगा झाडाखाली पडलेल्या असतात. शेंग फोडली की आत पातळ पडद्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात काळ्या चिकट गरात बसलेली एक गुळगुळीत बी. गर धुऊन बी वाळवायची, तिचं कवच टणक म्हणून पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायची आणि रात्रभर भिजत घालायची. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त लागतात, आणि वेळ लागतो, जो तुमच्या दोन कॅनवाल्यांकडे नाही. मग पिशव्या भरणं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, खाली भोकं पाडून, माती आणि शेणखत आणि थोडी वाळू कालवून गच्च भरायची. सैल भरली तर पाणी घालताच माती बसते आणि रोप तिरकं होतं. रोप वाढलं की मोठ्या पिशवीत हलवायचं. हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खुर्चीवर बसून होतं.

हिवाळ्यात गवत वाळायच्या आधी जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून आगीची वाट तोडायची. टेकडी वन विभागाच्या ताब्यात असेल तर हे त्यांना विचारून, त्यांच्या माणसांबरोबरच करायचं, लावणीचंही तसंच. हे कष्टाचं काम आणि तरुणांच्या अंगातली रग इथे खरी उपयोगी पडते. मागच्या मार्चमध्ये ही रेषा असती तर तो उतार कदाचित वाचला असता. आळ्यांवर आच्छादन घालायचं, म्हणजे ओल टिकते आणि पाणी कमी लागतं. टेकडीवर पालापाचोळ्यापेक्षा चपटे दगड बरे, ते पेट घेत नाहीत. दगड मुलं आनंदाने गोळा करतात, फक्त हात घालण्याआधी काठीने उलटायला शिकवा, खाली विंचू असतो. शिवाय कुदळींचे दांडे बसवणं, गळके कॅन बाजूला काढणं, टाकी आदल्या दिवशी भरली का हे बघणं, आणि मे महिन्यात "या रविवारी कोण कोण गावात आहे?" असं विचारत फोन फिरवणं. हे शेवटचं काम तुमच्या गटात कोणाकडेच नाही आणि माझ्या मते तुमची सगळ्यात जास्त रोपं त्याच्याअभावी गेली.

म्हणजे फाळणी करायची असेल तर कामाची करा, आणि कोण कुठे जाणार ते ज्याने त्याने सांगू दे.

वेगळा शनिवारचा गट हा पर्याय मी सरसकट मोडीत काढत नाही. काहींना गर्दी, आरडाओरडा सोसत नाही. काही ज्येष्ठांना आपल्या वयाच्या माणसांत मोकळं वाटतं. त्यांनी स्वतः मागितला तर जरूर काढा. तुमच्याकडे मात्र तो त्यांच्या वतीने इतरांनी ठरवला आहे, आणि तिथे काय करायचं हेही कोणी ठरवलेलं नाही. बागेत खुर्च्या मांडून, चहा देऊन, दोन कुंड्या रंगवून घ्यायच्या, याला तिघंही लगेच ओळखतील. आपल्या पुण्यात माणसाला निवृत्त करायची एक सभ्य रीत आहे: शाल, श्रीफळ आणि 'मार्गदर्शक' ही पदवी. काकांना ती देऊ नका. अशा सत्कारानंतर लोक पुन्हा फारसे दिसत नाहीत.

शिवाय त्या यादीत नेमकं कोण जाणार? कायद्याने साठीला माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. तुमच्या गटात साठी ओलांडलेली आणि दर शनिवारी सिंहगड चढणारी दोन-तीन मंडळी नक्की असतील. त्यांनाही बागेत पाठवणार? 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते 21 झाले. त्यात पार्किन्सन्स आहे, थॅलेसेमिया आहे, शिकण्यातल्या अक्षमता आहेत. दोन कॅन घेऊन पुढे पळणाऱ्या एखाद्याच्या खिशातही दिव्यांगत्वाचं कार्ड असू शकतं, त्याने तुम्हाला सांगितलं नसेल इतकंच. 'स्पेशल' कोण हे नजरेने ठरवायला गेलात की ज्यांचं दिसतं तेवढेच बाजूला निघतात.

त्यापेक्षा तीन ठिकाणं करा: पायथा, मधला टप्पा, माथा. पायथ्याला टाकी, वही, अवजारं, रोपं. मधल्या टप्प्यावर खालून आलेले कॅन जमा करायचे आणि जवळच्या झाडांना पाणी घालायचं. माथ्यावर दमछाक करणारं काम. माथ्याला जाणाऱ्यांनी सव्वासहाला निघायचं, बाकीच्यांनी पावणेसातला. वाटेतली कोंडी यानेच सुटेल. त्यासाठी माणसं कमी करायची गरज नव्हती, अर्ध्या तासाचं अंतर हवं होतं. तरुणांना आठवड्यातून एखाद्या पहाटे स्वतंत्र, घाम काढणारी फेरी करायची असेल तर तीही ठेवा. तिला 'कोअर' म्हणू नका, 'माथा फेरी' म्हणा, आणि ज्याला झेपेल त्या 64 वर्षांच्या माणसालाही येऊ द्या.

एक धोका आहे. दोन महिन्यांत पायथा म्हणजे म्हाताऱ्यांचा कट्टा होईल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत याल. ते टाळायला पायथ्याच्या हातात खरी सत्ता द्या. कोणत्या झाडांना आज पाणी, कोणतं रोप बदलायचं, हे वहीवरून पायथ्याने ठरवायचं आणि वर निघालेल्यांनी तिथून चिठ्ठी घेऊन जायचं. आणि प्रत्येक तरुणाची महिन्यातून एक पाळी पायथ्याला. कॉलेजच्या पोरांना तर हे बरंच वाटेल. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास भरायचे असतात. ते नुसते कॅन वाहण्यात घालवण्यापेक्षा वहीची किंवा रोपवाटिकेची जबाबदारी घेऊन भरले तर सांगण्यासारखं काही हाती लागेल.

आता तिघांबद्दल वेगवेगळं, कारण तुम्ही त्यांना एका पोत्यात घातलं आहे आणि त्यांचे प्रश्न एक नाहीत.

काकांशी तुम्ही अजून बोललाच नाहीत, त्यांच्या मुलीशी बोललात. ते दर रविवारी वर का जातात? कदाचित त्यांनी लावलेलं एखादं झाड माथ्यावर असेल, कदाचित डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, कदाचित रविवारी सकाळी घरात बोलायला कोणी नसेल. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. "काका, आता तुम्ही हलकं काम करा" असं म्हणू नका. म्हणा, "काका, परवा तुम्ही घसरलात तेव्हा मी घाबरले. वर तुम्हाला काय करायला आवडतं ते सांगा, आणि कुठपर्यंत झेपतं तेही तुम्हीच सांगा. मग मिळून ठरवू." धोका पत्करायचा हक्क 79व्या वर्षीही असतो. पण घसरलेल्या माणसाला खाली आणायला चौघं लागतात, म्हणून गटालाही चार अटी घालायचा हक्क आहे: हातात काठी, पायात पकड असलेले बूट, चढाव-उतारावर हातात कॅन नाही, आणि एकट्याने उतरायचं नाही. मुरमाड वाटेवर चढण्यापेक्षा उतरताना पाय जास्त निसटतो. कॅनची सोडून बाकीच्या अटी सत्तरीच्या पुढच्यांना म्हणून नको, त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांना लावा. शेवटची तर मुलांनाही हवीच. मग काकांनी पाणी कसं घालायचं म्हणता? कॅन मधल्या टप्प्यावर जमा होतातच, काका तिथून उचलतील.

मुलीचा फोन पुन्हा आला तर नम्रपणे सांगा की बाबांशी बोलून घ्या, निर्णय त्यांचा आहे, आमच्याकडची काळजी अशी अशी घेतो. सात समुद्रापलीकडून काळजी करणाऱ्या लेकीचा आवाज चढतो, तो मनाला लावून घेऊ नका.

ताईंच्या बाबतीत एक साधी गोष्ट. तुम्ही लिहिता, "कोणीतरी त्यांचा हात धरून न्यावं लागतं." हात धरून ओढत नेलं की चालणाऱ्याला पुढचं काहीच कळत नाही. आपलं कोपर पुढे करायचं, त्यांना ते धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून त्यांना चढ-उतार समजतो. अरुंद वाटेवर पुढे चालणाऱ्याच्या सॅकवर किंवा खांद्यावर हात. आणि तोंडाने सांगायचं: "पुढे मोठा दगड, उजवीकडून." "जपून" एवढंच म्हणण्याचा काही उपयोग नाही. ही सोबत एकाच माणसावर टाकू नका, चार-पाच जणांना शिकवा. बहाव्याच्या बिया, पिशव्या, फोन फिरवणं, देणग्यांचा हिशेब, यांतलं काय आवडेल ते त्यांना विचारा. पण त्या म्हणाल्या की "आठवडाभर काउंटरवर बसते, मला वरचा वारा हवा आहे," तर त्यांना वर न्यायचं. बोटांनी होणारं काम आहे म्हणून त्यांना ते चिकटवून टाकायचं नाही.

त्या तरुणाबद्दल तुम्ही जे लिहिलं त्यात मला कामाची सूचना अपुरी दिसते, माणूस अपुरा दिसत नाही. "पुरे आता, दुसऱ्या झाडाला घाल" हे त्याला मनमानी वाटत असेल. कधी पुरे, हे कोणी कधी सांगितलं? नियम दिसेल असा करा. एका झाडाला एक कॅन, पूर्ण रिकामा. झाला की त्या झाडाच्या काठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की पुढे जायचं. दर रविवारी तीच वाट, तोच क्रम. बदल असेल तर आधी सांगायचं आणि करून दाखवायचं, एका वेळी एकच गोष्ट. चिंधीचा फायदा सगळ्यांना होईल, कारण घाईत पळणारे तरुणही झाडं चुकवतात आणि एकाच झाडाला दोघं पाणी घालतात, हे मी पैजेवर सांगते. आणि सूचना त्याला द्या, त्याच्या आईला नको. तो 26 वर्षांचा आहे.

त्याच्या आईकडे जरा लक्ष द्या. तुमच्या चाळीस जणांच्या मोजणीत ती 'सोबत येणारी' आहे. त्याची हरकत नसेल तर जोड्या पाडताना दर रविवारी त्याचा जोडीदार वेगळा ठेवा आणि आईला दुसऱ्या कोणाबरोबर कॅन घेऊन जाऊ द्या. सुरुवातीला ती मागे वळून बघत राहील. तिला किती वर्षांनी दोन तास स्वतःचे मिळतील हे तिलाच विचारा. मात्र हेही स्पष्ट ठेवा की काही दिवस जमणार नाही. तो फार बिथरला, कडेकडे धावला, कोणाला ढकललं तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवायचं, आईला हाक मारायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा नेहमीसारखं बोलवायचं. लहान मुलं रडली की आपण हेच करतो आणि त्याची बैठक बोलावत नाही.

सगळ्यांसाठी मिळून थोडं. उन्हाळ्यात नवाच्या आत खाली. मधुमेहाच्या माणसाने रिकाम्या पोटी चढायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, घरचा नंबर. 108ला फोन केला तर रुग्णवाहिका टेकडीच्या कोणत्या फाटकाशी यायला सांगायची, हे आधी ठरलेलं आणि चार जणांना पाठ असलेलं हवं. ऐन वेळी चाळीस माणसं चाळीस खुणा सांगतात. मुलांसाठी पालकांची लेखी संमती, आणि कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नजरेआड नाही. फोटो विचारून. ताईंचा पाठमोरा फोटो आणि खाली 'जिद्दीला सलाम' असं आजवर टाकलं असेल तर काढून टाका.

हे सगळं करून तुमचा वेग पूर्वीइतका होईल असं आश्वासन मी देणार नाही. जोड्या पाडण्यात, समजावण्यात वेळ जाईल, त्यातला बराच तुमचा जाईल. तेव्हा या जूनमध्ये रोपं कमी लावा. आपल्याकडे पाच जूनला फोटोसह दोनशे खड्डे भरायची हौस सगळ्यांना आणि एप्रिलमध्ये त्यांच्याकडे फिरकणारे मोजके. मे महिन्यात गावात कोण असेल हे फोन करून मोजा, एका माणसामागे किती झाडं जमतील ते ठरवा आणि तेवढीच लावा. तरुणांना आकडा छोटा वाटेल. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये वहीत किती जिवंत आहेत ते त्यांनाच मोजायला सांगा, मग बोला.

त्यांच्याशी बोलताना नैतिकतेचा सूर लावू नका, ही विनंती. "उद्या तुम्हीही म्हातारे व्हाल" हे वाक्य आजवर कोणाच्याही उपयोगी पडलेलं नाही. त्यांची खरी तक्रार कोंडीची होती, ती सोडवलीत असं सांगा, आणि जाळरेषांचं काम त्यांच्याकडे सोपवा. त्यांतले एक-दोघं तरीही गट सोडतील. जाऊ द्या, दुसरीकडे काम करतील. टेकड्या पुण्यात पुष्कळ आहेत.

तीन महिने करून बघा. सुरुवात येत्या रविवारच्या निरोपाने करा. त्यात तिन्ही ठिकाणची कामं लिहा, वाट कशी आहे ते लिहा (पायथ्यापर्यंत रिक्षा येते, मधल्या टप्प्यापर्यंत वीस मिनिटांचा चढ, पुढे सुटा मुरूम, बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह आहे की नाही), आणि शेवटी विचारा: "तुम्हाला कुठे यायचं आहे आणि आमच्याकडून काय लागेल?" हा प्रश्न सगळ्यांना, दोन कॅनवाल्यांनाही. हा निरोप गुलाबी फुलांचं पोस्टर करून टाकू नका, साधा टाइप करून टाका. ताईंचा फोन टाइप केलेला मजकूर वाचून दाखवतो, चित्रातली अक्षरं बऱ्याचदा वाचत नाही. काकांना ती चष्मा लावूनही दिसत नसणार. आणि ज्यांचा दोन दिवसांत काहीच निरोप येत नाही त्यांना फोन करा.